बंद कारखाना घेताय? भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा

शेड ताब्यात आली मे महिन्यात. झाडलोट केली, पांढरा रंग मारला. जूनमध्ये पाऊस लागला आणि मागच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, त्या पांढऱ्या रंगातून हळदीसारखे पिवळे ओघळ उतरले. रंगारी म्हणाला, ओल आहे, वॉटरप्रूफिंग मारू. मारलं. आठवड्यात पुन्हा पिवळं. तेव्हा कुठे आम्ही विचारायला लागलो की आमच्या आधी इथे होतं काय.

इथे क्रोम प्लेटिंग, म्हणजे धातूवर क्रोमचा मुलामा चढवायचं काम होतं. आम्ही खोके बनवणारे, आम्हाला चार भिंती आणि थ्री फेज वीज हवी होती. बँकेच्या लिलावात गाळा स्वस्त मिळाला, 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर. त्या चार शब्दांची किंमत नंतर कळली. ताबा मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही भंगारवाल्याला बोलावलं, कारण जुन्या टाक्यांच्या लोखंडाचे पैसे लगेच हातात येणार होते. त्याच्या माणसांनी टाक्या कापल्या आणि तळाचा गाळ फावड्याने ओढून मागच्या भिंतीशी टाकला. आम्ही बाजूला उभे राहून वजनकाटा बघत होतो.

एमआयडीसीतला बंद गाळा, जुनी गिरणी, पडीक रासायनिक युनिट, काहीही घेणार असाल किंवा कामानिमित्त आत जाणार असाल, तर आम्ही उलटा घातलेला क्रम सुलटा करून खाली देतोय.

१. इथे काय बनत होतं, ते आधी शोधा

बंद कारखान्यात काय पुरलेलं असेल, हे तिथल्या जुन्या धंद्यावरून बरंचसं ओळखता येतं. ढोबळ यादी अशी:

- प्लेटिंग: हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप), निकेल, सायनाइड, ॲसिडं.
- हीट ट्रीटमेंट: सायनाइडयुक्त क्षार, तापलेला धातू विझवायचं (क्वेंचिंगचं) तेल.
- मशीन शॉप, प्रेस शॉप: कटिंग ऑइल, ग्रीस धुवायचं ट्रायक्लोरोएथिलीन.
- रंग आणि डाय इंटरमीडिएट (रंग बनवायला लागणारी मधली रसायनं): ॲनिलीनवर्गीय रसायनं, एच-ॲसिड, आम्लधर्मी गाळ.
- बॅटरीचं काम: शिसं, सल्फ्युरिक ॲसिड.
- कातडी कमावणं: क्रोमियम, आणि खड्ड्यांतून हायड्रोजन सल्फाइड.
- कापड गिरणी: बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस, भट्टीचं तेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल.
- थर्मामीटर, जुने क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीनचे) प्लांट: पारा.
- शीतगृह, बर्फाचा कारखाना: अमोनिया.

एका प्लॉटवर तीन-तीन धंदे होऊन गेलेले असतात. आमच्याकडे प्लेटिंगच्या आधी काही वर्षं हीट ट्रीटमेंट होती, आणि हे कुठल्याच लिलावाच्या कागदात नव्हतं.

२. कागद मागा, इसार देण्याआधी

- प्रदूषण नियंत्रण मंडळाची शेवटची संमती, म्हणजे कन्सेंट टू ऑपरेट. पहिल्या पानावर थांबू नका. मागे उत्पादनांची आणि घातक कचऱ्याची यादी प्रमाणासह असते, तीच खरी कुंडली.
- घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि मॅनिफेस्टच्या, म्हणजे कचरा बाहेर पाठवतानाच्या कागदाच्या प्रती.
- फॅक्टरी लायसन्स आणि मंजूर नकाशा. जमिनीखालच्या टाक्या यात सापडतात.
- पेट्रोलियम किंवा सॉल्व्हंट साठवलेलं असेल तर स्फोटक विभागाचा परवाना. या विभागाचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय नागपूरला आहे.
- बॉयलर असेल तर त्याचं प्रमाणपत्र.
- एमआयडीसीचा भाडेपट्टा, आधीच्या हस्तांतरणांचे आदेश, पाणीपट्टीची थकबाकी.
- मंडळाने दिलेल्या नोटिसा किंवा बंदीचे आदेश. उपप्रादेशिक कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात.

इथला हमखास सापळा म्हणजे हिशोब न जुळणं. समजा संमतीपत्रात वर्षाला बारा टन गाळ लिहिलाय आणि मॅनिफेस्ट निघाले दोन टनांचे. मग उरलेला बहुधा तुमच्याच प्लॉटवर आहे.

हे सगळं कशासाठी? २०१६ च्या घातक कचरा नियमांत जबाबदारी भोगवटादारावर टाकलेली आहे. ताबा घेतलात की भोगवटादार तुम्ही, आणि 'हे आमच्या आधीचं आहे' हे सिद्ध करायचं कामही तुमचं. उदयपूरजवळच्या बिछडीत एच-ॲसिड बनवणारी युनिटं बंद झाली, पण गाळ तिथेच राहिला आणि गावच्या विहिरींचं पाणी तपकिरी होऊन गेलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ज्याने घाण केली त्याने भरायचं' हे तत्त्व लावलं ते याच प्रकरणात. २०२५ च्या जुलैत केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियमही काढले आहेत. वकिलाला २०१६ चे आणि २०२५ चे, दोन्ही नियम वाचायला लावा.

३. टपरीवर बसा

कागदात नसतं ते जुन्या कामगारांना ठाऊक असतं. आम्हाला एमआयडीसीच्या नाक्यावरच्या चहावाल्याने एका मामांचा पत्ता दिला. मामांनी आमच्याच शेडमध्ये टाकीवर अठरा वर्षं काढलेली. मी मास्क वगैरे आणला होता, तो बघून ते हसले. म्हणाले, "आम्हाला कुठलं होतं हे? माझ्या नाकात एका बाजूनं काडी घाला, दुसऱ्या बाजूनं निघेल." क्रोमिक ॲसिडच्या वाफेने नाकातल्या पडद्याला भोक पडतं. बोटांवर वाटाण्याएवढे गोल वणही होते.

मग विटेचा तुकडा घेऊन त्यांनी जमिनीवर अख्खा कारखाना काढून दाखवला. गंज उतरवायचं, पिकलिंगचं ॲसिड इथे, निकेल इथे, क्रोमच्या दोन टाक्या मागच्या भिंतीला लागून, सायनाइडचं कॉपर कोपऱ्यात. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट? "साहेब यायचे त्या दिवशी चालायचा." बाकीचे दिवस पाणी मागच्या शोषखड्ड्यात. तो खड्डा आमच्या नकाशात नव्हता, त्यावर आता गवत आणि टणटणी होती, आणि आम्ही तिथे बोअर मारायचं ठरवलं होतं.

कामगाराला भेटायला जाल तेव्हा सर्व्हेवाल्यासारखी प्रश्नावली नेऊ नका. तीनच गोष्टी विचारा: सांडपाणी कुठे सोडायचे, गाळ कुठे टाकायचे, आणि अपघात कुठे झाला होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस सगळं सांगतो.

४. पहिली फेरी, हात खिशात ठेवून

मालकाची किंवा ताबेदाराची लेखी परवानगी घ्या. एकट्याने जाऊ नका. एकाने बाहेर फोन घेऊन थांबायचं. दिवसाउजेडी जा.

सोबत लागेल ते: हेल्मेट, तळाला पोलादी पत्रा असलेले सेफ्टी बूट, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल, धुळीसाठी चांगल्या दर्जाचा मास्क, दणकट टॉर्च, खडू, आणि चार गॅस दाखवणारा डिटेक्टर. डिटेक्टर भाड्याने मिळतो. कॅलिब्रेशनची तारीख बघूनच घ्या. एन-९५ धूळ अडवतो, वाफ आणि वायू अडवत नाही. हे पाठ करा, कारण तो नाकावर असला की माणूस निर्धास्त होतो.

या फेरीत विष दूरच राहिलं, माणसं पडून मरतात. कुजलेली जाळी, झाकण चोरीला गेलेलं चेंबर, गंजलेला जिना. गवत वाढलेल्या जागी काठी टोचत चला. काठीचा दुसरा उपयोग म्हणजे घोणस. पत्र्यांच्या ढिगाखाली तिला फार आवडतं. वर आग्यामोहोळ आहे का तेही बघा. कबुतरांची आणि वटवाघळांची सुकलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्यातली बुरशी फुप्फुसात जाते.

वीज 'कापलेली आहे' यावर विश्वास ठेवायचा नाही. शेजारच्या गाळ्यातून चोरून ओढलेली वायर आम्हाला सापडली, जिवंत. वायरमनला टेस्टर घेऊन सोबत न्या.

दिसेल त्याचे फोटो काढा, खडूने नंबर टाका. पिवळा-केशरी डाग म्हणजे क्रोमियमचा संशय, हिरवट निळा म्हणजे निकेल किंवा तांबं, कॉंक्रीट खाऊन खडी उघडी पडलेली म्हणजे ॲसिड. जिथे चार पावसाळ्यांनंतरही गवत उगवत नाही, तिथे मोठा गोल करा.

५. खड्डा, टाकी, चेंबर: उतरायचं नाही

हे मी लांबवून लिहिणार आहे, कारण इथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही.

बंद टाकी रिकामी असली तरी मारू शकते. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. वर्षानुवर्षं झाकण बंद असलेल्या पोलादी टाकीत श्वास घेण्याजोगी हवाच उरत नाही. आणि तिथे वास नाही, धूर नाही, ठसका नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि खाली गेल्यावर गुडघ्यांतून कोसळतो.

जुन्या सांडपाण्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला, हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास, की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते. 'मघाशी वास येत होता, आता गेला' हे वाक्य ऐकलंत तर सगळ्यांना बाहेर काढा. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. गाळात काठी घातली किंवा पाणी उपसलं की अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे सकाळचं मोजमाप दुपारी चालत नाही.

आम्ही डिटेक्टर सुतळीला बांधून जमिनीखालच्या टाकीत सोडला. झाकणापाशी ऑक्सिजन २०.९, म्हणजे नेहमीची हवा. हातभर खाली १९. पाच फुटांवर १४ आणि भोंगा वाजायला लागला. पाणी त्याहून दोन फूट खाली होतं. आदल्याच दिवशी आमचा भागीदार म्हणत होता, "एवढीशी तर टाकी, पोराला उतरवून बघू." १९.५ च्या खाली आकडा आला की ती जागा धोकादायक धरायची.

वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा. उतरणं अटळच असेल तर ते काम प्रशिक्षित एजन्सीचं: पंख्याने सतत हवा, हार्नेस, वर तिपाई, बाहेर माणूस, बाहेरून हवा पुरवणारं उपकरण. आणि आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी बहुतेकदा वाचवायला गेलेल्याचाच असतो. बायकामुलांना सुट्टीच्या दिवशी 'आपली नवी जागा' दाखवायला नेण्याचा मोह होतो. झाकणं पक्की बंद होईपर्यंत नेऊ नका.

६. सिमेंटचे पत्रे आणि पाइपांवरचं पांढरं वेष्टण

छतावरचे जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस. अखंड आहेत, रंगवलेले आहेत तोवर फारसा त्रास देत नाहीत. फोडले, घासले, ग्राइंडरने कापले की तंतू सुटतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फुप्फुसाचा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो. बॉयलरच्या पाइपांवरचं भुसभुशीत वेष्टण पत्र्यापेक्षा कितीतरी वाईट, बोटाने दाबलं तरी सुटतं. मुंबईच्या गिरण्यांच्या बॉयलर हाउसमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, ते वेष्टण त्याला आठवत असेल.

पत्रा उतरवताना पाण्याने भिजवायचा, जे-बोल्ट कापून अख्खा खाली घ्यायचा, वरून फेकायचा नाही, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचा. तुकडे कुंपणाला, रस्त्यात भरावाला वापरायची आपल्याकडे फार खोड आहे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

आणि त्या पत्र्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा खालून हिरवा-काळा आणि भक्कम दिसतो, पण वजन पडलं की पापडासारखा फुटतो.

७. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, आणि तीन पाती असलेली खूण

जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे रसायन असू शकतं. ते शरीरात साचतं आणि कर्करोगकारक आहे. भारताने २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद केली, आणि वापर संपवायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठेवली. तेल तपासल्याशिवाय काढू नका, 'शटरिंगला लावतो' म्हणून मागायला येणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. कपॅसिटर लाइन कापल्यावरही झटका देतो.

ट्यूब, पारा-दिवे, जुने स्विच फोडू नका.

एखाद्या पाइपला किंवा टाकीला बाहेरून जड शिशाचा डबा बसवलेला दिसला, त्यावर तीन पातींची किरणोत्सर्गाची खूण असली, तर मागे फिरा आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. पातळी किंवा जाडी मोजायला असे स्रोत वापरतात. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेल्या एका जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० उघडा पडला; एक माणूस दगावला, आणखी काही जणांना किरणोत्सर्गाची बाधा झाली. मायापुरी भंगाराचा बाजार आहे, हे लक्षात घ्या. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला, तेही पारा लागलेली काच गावातल्या भंगाराच्या वखारीत सापडल्यावर.

८. ड्रम आणि बाटल्या

लेबल नसलेला ड्रम म्हणजे घातक ड्रम, एवढंच धरून चाला. फुगलेल्या ड्रमला हात लावू नका. 'रिकाम्या' ड्रमवर गॅस कटर चालवणं म्हणजे बॉम्बला वात लावणं: आत उरलेली वाफ पुरते. ॲसिडचे कॅन आणि सायनाइडची पिंपं एकाच कोपऱ्यात दिसली तर हलवू नका. दोन्ही एकत्र सांडली तर हायड्रोजन सायनाइड सुटतो. प्रयोगशाळेत जुन्या ईथरच्या बाटलीच्या झाकणाशी स्फटिक जमलेले असतील, किंवा पिक्रिक ॲसिड सुकून गेलं असेल, तर झाकण फिरवणंसुद्धा स्फोटाला पुरेसं आहे. खोली बंद करा, तज्ज्ञ बोलवा.

९. माती आणि पाणी तपासणं

इथे लोक पैसे खर्च करूनही फसतात. प्रयोगशाळेला 'पाणी पिण्यालायक आहे का बघा' सांगितलं की ती पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा आणि जंतू बघून अहवाल देते. तुमच्या पाण्यात क्रोमियम असेल तर तो त्यात दिसणारच नाही. पायरी १ ची यादी हातात ठेवून नावानिशी तपासण्या मागा. क्रोमियम असेल तर एकूण आणि हेक्झाव्हॅलंट वेगवेगळं. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत, शिसं ०.०१, पारा ०.००१.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची, आणि त्या विशिष्ट तपासणीसाठी मान्यतेची हवी. नमुना घ्यायला स्वतः उभे राहा. आमच्याकडे आलेल्या मुलाने दहा ठिकाणची माती एकाच पिशवीत टाकायला घेतली होती. तसं केलं की विषारी कोपरा बाकीच्या नऊ ठिकाणांत विरून जातो. खडूने गोल केलेली प्रत्येक जागा वेगळी, वरची माती वेगळी, तीन-चार फुटांवरची वेगळी. एक नमुना प्लॉटच्या बाहेरचा, चढाच्या बाजूचा घ्या, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. सॉल्व्हंटसाठी काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवायची. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जड, खाली बसतं. बोअरचं वरचं पाणी स्वच्छ निघालं म्हणून खुश होऊ नका. पाण्याचा नमुना पावसाळ्याआधी आणि नंतर, दोनदा.

आमच्या भिंतीचं निदान मात्र पाच मिनिटांत झालं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पिवळा पोपडा पाण्यात विरघळवला, थोडं ॲसिड आणि डायफिनाइलकार्बाझाइडचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसं.

निकाल वाईट आले आणि व्यवहार अजून व्हायचा असेल, तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागा, नाहीतर सोडा. स्वस्त आहे म्हणून घेऊ, नंतर बघू, असं म्हणताना भोपाळ आठवा: १९८४ नंतर बंद पडलेल्या त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा आवारातून पिथमपूरला हलला तो जानेवारी २०२५ मध्ये.

१०. आणि आता भंगारवाला

गाळ, दूषित माती, ॲस्बेस्टॉस, तेल आणि ड्रम आधी जातील. ते कुणाच्याही टेम्पोतून जात नाहीत. आपल्या भागाच्या सामाईक घातक कचरा केंद्राचं सभासदत्व घ्यावं लागतं; महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. ते आधी नमुना तपासतात, मग दर सांगतात. घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून खोदायला सुरुवात करण्याआधी गाडीची तारीख घ्या. आम्ही आधी खोदलं आणि मग ताडपत्रीखाली ढीग झाकून तारखेची वाट बघत बसलो.

टाक्या आणि पाइप धुऊन, धुतलेलं पाणीही कचऱ्यात धरून, मगच लोखंड विका. भंगारवाल्याला काय कापायचं आणि काय नाही ते लेखी द्या, आणि त्याच्या माणसांना मास्क-मोजे तुम्ही द्या. तो देणार नाही.

मॅनिफेस्ट नमुना १० मध्ये भरतात, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी मंडळाला, पिवळी वाहतूकदाराच्या सहीने तुमच्याकडे. केंद्राने कचरा स्वीकारल्यावर निळी प्रत परत तुमच्याकडे येते. पिवळी मिळाली की लोक फाइल बंद करतात. पण गाडी तुमच्या फाटकातून निघाली एवढंच ती सांगते. पोहोचल्याचा कागद निळा. आमची निळी यायला पाच आठवडे लागले. तोवर मागच्या भिंतीला प्लास्टर केलं नाही. विटा उघड्याच ठेवल्या, पिवळं पुन्हा वर येतंय का ते रोज सकाळी बघता यावं म्हणून.